लय पळते, कारण पायांकडे कुणी बघत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. माझी काही समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. लेस्टरला तुमचा पश्चिम आफ्रिकी ढोल आणि नाचाचा हौशी गट आहे. सुरू होऊन दोन वर्षं झाली. सोळा जण आहात, सात वाजवणारे आणि नऊ नाचणारे. ऑक्टोबरात कृष्णवर्णीय इतिहास महिन्याच्या कार्यक्रमात तुम्हाला वीस मिनिटं मिळाली आहेत. दर तालमीला वाजवणारे लय पळवतात, नाचणाऱ्यांचा दम जातो आणि मग दोन्हीकडून कुरबूर सुरू होते. तुम्ही मुख्यतः तीन गोष्टी विचारल्या आहेत, आणि जाता जाता सिद्दींबद्दलही: तालमीत मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या गतीने टिकटिक करणारं यंत्र, लावावा का, एखादा नवा जोरकस ताल बसवावा का, आणि तुम्ही पूर्वी पुण्यात पथकात वाजवायचात म्हणून मध्ये ढोल-ताशाचा तुकडा घालता येईल का.

मी मूळची साताऱ्याची. तबल्याच्या दोन-तीन परीक्षा दिल्या, कॉलेजात असताना चार गणपती पथकात ढोल वाजवला आणि गेली सतरा वर्षं शेफील्डच्या एका गटात सांगबान, म्हणजे काठीने वाजवायचा मधल्या आकाराचा ढोल, वाजवते. आमचे गुरू गिनीचे, राजधानी कोनाक्रीत बॅलेमध्ये, म्हणजे तिथल्या नृत्यमंडळीत, वाढलेले. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते गिनी आणि मालीच्या मांदे लोकांच्या परंपरेतल्या जेंबे (हाताने वाजवायचा ढोल) आणि डुनडुन (काठीने वाजवायचे ढोल) यांबद्दल आहे. तुम्ही 'आफ्रिकन ताल' एवढंच लिहिलंय, पण त्याने बराच फरक पडतो. घानाच्या एवे लोकांच्या वादनात सगळ्यांना बांधून ठेवते ती गांकोगुई नावाची लोखंडी घंटा. सेनेगलच्या साबार या ढोलवादनात एका हातात काठी आणि दुसरा हात मोकळा असतो, तिथली नाचणाऱ्याशी होणारी सवाल-जवाबाची रीतही निराळी. तुमचे शिक्षक त्या परंपरांमधले असतील तर माझं उत्तर निम्मंच लागू पडेल. तुमच्याकडे तीन डुनडुन आणि चार जेंबे आहेत असं लिहिलंय, म्हणून गट मांदे वळणाचा आहे असं धरून चालते.

आता मुख्य मुद्दा. या संगीतात लय चढते, आणि ती चढायलाच हवी. नाच रंगात आला की मुख्य जेंबेवाला हात घाईवर आणतो, बाकीचे त्याच्या मागून जातात आणि सगळा घोळका तापतो. फ्रेंच बोलणारे वादक याला 'एशॉफमाँ' म्हणतात, म्हणजे तापवणं. तेव्हा लय चढली याचं दुःख करण्यात अर्थ नाही. ती कुणी चढवली, ते बघायचं. नाचणारीच्या पायांत जोर आला, जेंबेवाल्याने तो ओळखला, त्याने डुनडुनवाल्यांकडे बघितलं आणि मग लय चढली, तर नाचणारीचा दम जात नाही. तिनेच ती मागितलेली असते. तुमच्याकडे मात्र चौथ्या खुर्चीवरच्या जेंबेवाल्याला मजा आली म्हणून लय चढते आहे. नाचणारीला ती मागून येऊन ढकलते.

मेट्रोनोमचं उत्तर यातच आलं. घरी एकट्याने हात साफ करायला तो जरूर लावा, मी अजूनही लावते. पण तालमीत लावलात तर सातही जण त्या टिकटिकीकडे कान लावून बसतील आणि ज्यांच्याकडे बघायचं त्यांच्याकडे कुणीच बघणार नाही. त्यापेक्षा मोबाईलवर तालीम रेकॉर्ड करा. एका तुकड्याच्या सुरुवातीला पंधरा सेकंदांत किती पावलं पडली ते मोजा, मग त्याच तुकड्याच्या शेवटी मोजा. आमच्या गटाने पहिल्यांदा मोजली तेव्हा ३० ची ३८ झाली होती, म्हणजे मिनिटाला १२० वरून १५२. आकडा समोर आला की 'तुम्ही पळवता, तुम्ही रेंगाळता' हा वाद मिटतो.

लय कुणी धरायची याबद्दल नव्या गटांचा एक समज पक्का असतो. जेंबे सगळ्यांत जास्त कडकडतो, तो सगळ्यांना हवा असतो, म्हणून चांगले हात जेंबेवर जातात. ज्याला अजून हात बसलेला नाही त्याच्या हातात काठी देऊन त्याला डुनडुनवर बसवतात, 'तेवढं टोले देत राहा' असं सांगून. माझ्या मते गट बिघडण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. तालाची ओळख डुनडुनमध्ये असते. एकाच जातीची जेंबेची साथ पाच-सहा तालांत चालून जाते, पण डुनडुनची चाल बदलली की तालच बदलतो. तिघांत केनकेनी सगळ्यांत लहान, तिचा सूर उंच आणि काम सरळ. डुनडुनबा सगळ्यांत मोठा, तो खालून भारदस्त बोलतो, पुष्कळदा कमी बोलतो. मधला सांगबान म्हणजे तालाचा कणा. गिनीच्या हामाना भागात, कुरूसाच्या आसपास, हे तिन्ही ढोल आडवे ठेवून तीन माणसं वाजवतात. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने ढोलावर बांधलेली घंटा. कोनाक्रीच्या बॅलेंमध्ये तिन्ही उभे करून एकच माणूस दोन काठ्यांनी वाजवतो. तुमच्याकडे पक्क्या हाताचे तीन जण असतील तर पहिली पद्धत घ्या. एकच असेल तर ढोल उभे करा आणि त्या एकाला बसवा. तीन कच्च्या माणसांपेक्षा ते खूप बरं.

पथकाच्या भाषेत सांगायचं तर तुमचा सगळ्यांत भरवशाचा ढोल जिथे उभा असायचा, तिथे आता सांगबान हवा. ताशा उठाव देतो, तर्री म्हणजे सलग कडकडाट वाजवतो, लोकांचं लक्ष त्याच्याकडे जातं. पण मागचा ढोल डगमगला तर हात, म्हणजे सगळ्या पथकाची चाल, कोसळतो. मुख्य जेंबेचं आणि डुनडुनचं नातं बरंचसं असंच आहे. 'जेंबेफोला' या शब्दाचा अर्थ जेंबेला बोलायला लावणारा. बोलणारा सुखाने बोलू शकतो, कारण खाली कुणीतरी जमीन धरून बसलेलं असतं.

मी हे शिकले ती तालीम सांगते. चर्चच्या मागचा लाकडी फरशीचा हॉल, फेब्रुवारीची थंडी, आम्ही अकरा जण. कासा बसवत होतो, म्हणजे शेतात कापणी चालू असताना वाजवायचा ताल. लय पळत होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते, कारण सांगबान माझ्याकडे होता. गुरूंनी हात वर करून सगळे जेंबे थांबवले. मग केनकेनी थांबवली, डुनडुनबा थांबवला. आमच्यातली एक निवृत्त परिचारिका, साठी उलटलेली, तिला एकटीला हॉलच्या मध्ये उभं केलं आणि पहिलंच पाऊल नुसतं करत राहायला सांगितलं. माझ्या खुर्चीला धरून त्यांनी मला तिच्याकडे वळवलं, इतकं की ढोल मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसेल आणि समोर दिसतील तिच्या टाचा. म्हणाले, ऐकू नकोस, बघ. तिची टाच लाकडावर टेकायची तेव्हा एक बारीक आवाज व्हायचा. माझा टोला त्याच्या आधी पडत होता. प्रत्येक वेळी. केसाएवढाच, पण आधी. सतरा-अठरा आवर्तनं गेल्यावर मला कळलं की मी तिच्या पायाची वाट बघतच नव्हते. माझा टोला झाला की पाय येईल, असं मी गृहीत धरत होते. तिचं वजन खाली उतरायला वेळ लागतो आणि तो वेळ तिचा असतो. मी तो खात होते. पाऊण तास आम्ही दोघींनी तेवढंच केलं. मग त्यांनी केनकेनी आत घेतली, मग डुनडुनबा, शेवटी जेंबे एकेक करून. त्या रात्री सुरुवातीला पंधरा सेकंदांत ३० पावलं होती आणि शेवटी ३१.

तुमच्या पुढच्या दोन तालमी अशाच घ्या. जेंबेवाले कंटाळतील. त्यांना नाचणाऱ्यांच्या रांगेत उभं करा आणि पावलं शिकवा. हे मी अगदी मनापासून सांगते आहे. ज्याने ती उडी स्वतः मारलेली नाही त्याला तिच्या आधीचा श्वास कळत नाही. आमच्याकडे प्रत्येक वाजवणाऱ्याला प्रत्येक नाचाची निदान पहिली दोन पावलं यावीच लागतात, आणि प्रत्येक नाचणारीला तोंडाने सांगबान म्हणता यावा लागतो.

तोंडाने म्हणणं आपल्याला जड जायला नको, बोल आपल्या घरचे आहेत. नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आले आणि तिथे आयुष्यभर ढोल शिकवत राहिले. ते ढोलाच्या घुमणाऱ्या टोल्याला 'गुन-दुन', मोकळ्या टोनला 'गो-दो' आणि कडक थापेला, म्हणजे स्लॅपला, 'पा-ता' म्हणत, पहिलं अक्षर उजव्या हाताचं, दुसरं डाव्याचं. आमच्या गुरूंचे बोल वेगळे आहेत, तुमच्या शिक्षकांचे आणखी वेगळे असतील. ज्यांच्याकडे शिकता त्यांचेच बोल घ्या. पण वाजवण्याआधी म्हणा.

इथे तुम्हा-आम्हाला एक अडचण येते, ती इंग्रज सदस्यांना येत नाही. आपला कान समेला सरावलेला असतो. चाल जिथून सुरू झाली तिथे सम, असं तो धरून बसतो. मांदे तालांत चालीचा पहिला टोला पुष्कळदा पावलाच्या आधीच पडलेला असतो, आणि केनकेनीचे टोले बऱ्याच तालांत पावलांच्या मधल्या जागेत असतात. बारा सूक्ष्म मात्रांचे जे ताल आहेत त्यांत तर आपण दादरा ऐकायला लागतो. एकदा दादरा ऐकू आला की टाळी चुकीच्या जागी पडते आणि मग तेच बरोबर वाटू लागतं. मला पहिली दोन वर्षं हा त्रास झाला. यावर उपाय एकच: वाजवताना स्वतःची टाच हलत ठेवायची, आणि ती टाच नाचणारीच्या टाचेबरोबर पडते आहे ना ते डोळ्यांनी बघायचं. कान फसतो. पाय फसत नाही.

आता ब्रेकबद्दल. मुख्य जेंबेवाला एक ठरलेलं वाक्य वाजवतो. त्यावर ताल सुरू होतो, त्यावर पाऊल बदलतं आणि त्यावरच सगळं थांबतं. चार पावलांत बसणारं हे वाक्य जगभरच्या वर्गांमध्ये जवळपास सारखं ऐकू येतं. बारा मात्रांच्या तालांसाठी त्याचं वेगळं रूप आहे. तुम्ही लिहिलंय की नाचणाऱ्या पावलं मोजतात, आठ झाली की बदलतात, आणि ब्रेक कधी लवकर येतो, कधी उशिरा. मोजणं बंद करा. नाचणाऱ्यांनी ब्रेकची वाट बघावी, आणि ब्रेक देणाऱ्याने नाचणाऱ्यांचा चेहरा बघून तो द्यावा. एक पाऊल सहा वेळा झालं काय नि दहा वेळा झालं काय, प्रेक्षकाला त्याचं काही नसतं. ब्रेक संपल्यावर नवं पाऊल सगळ्यांचं एकाच क्षणी पडलं पाहिजे, एवढंच त्याला दिसतं. ब्रेक सुरू केलात की त्याच्या पहिल्या तालमीत गोंधळ होईल. चौथ्या तालमीपर्यंत नाचणाऱ्यांच्या पाठीला ब्रेक ऐकू यायला लागेल.

पाठीला म्हणते आहे, कारण रंगमंचावर त्यांची पाठच वाजवणाऱ्यांकडे असते. याला इतिहास आहे, आणि तो कळला की मांडणी कशी करायची तेही कळतं. गावात हा नाच गोलात होतो. ढोल, नाचणारे, बघणारे, सगळे एकमेकांना दिसतात, बघणाऱ्यातली एखादी उठून मध्ये येते आणि परत जाते. फोदेबा केइता या गिनीच्या कवी-नाटककाराने १९५० च्या सुमारास पॅरिसमध्ये मंडळी जमवली आणि हे नाच थिएटरात आणले. तीच मंडळी 'ले बॅले आफ्रिकँ'. २ ऑक्टोबर १९५८ ला गिनी स्वतंत्र झाला आणि ती देशाची अधिकृत नृत्यमंडळी बनली. हामानाचे फामूदू कोनाते १९५९ पासून पंचवीसहून अधिक वर्षं तिचे मुख्य जेंबेवादक होते. मामादी केइता बालांदुगू गावातून लहान वयात दुसऱ्या राष्ट्रीय बॅलेत, जोलिबात, गेले. पुढे १९९१ मध्ये त्यांनी ब्रुसेल्सला शाळा काढली आणि २०२१ मध्ये ते वारले. आज लेस्टर-शेफील्डमध्ये आपल्यापर्यंत जे पोचलं आहे ते बहुतेक याच दोन वाटांनी. खुद्द फोदेबा केइता पुढे मंत्री झाले, आणि त्याच राजवटीने १९६९ मध्ये त्यांना काम्प ब्वारोच्या तुरुंगात ठार केलं. रंगमंचावर पाय ठेवताना मला दर वेळी त्यांची आठवण होते.

थिएटरात गोल उघडला आणि त्याची रांग झाली. नाचणारे प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहिले, ढोल मागे गेले. नजर तुटली आणि कानावर सगळी भिस्त आली. व्यावसायिक मंडळी रोज सहा-सहा तास तालीम करतात, त्यांना ते निभतं. आठवड्यातून एकदा दोन तास भेटणाऱ्या गटाला निभत नाही. म्हणून ढोल मागे ओळीने मांडू नका. एका बाजूला, प्रेक्षकांच्या डाव्या हाताला समजा, तिरपे मांडा. मुख्य जेंबेवाला सगळ्यांत पुढे उभा, त्याला नाचणाऱ्यांचे पाय आणि निदान निम्मे चेहरे दिसले पाहिजेत. सांगबान त्याच्या लगेच शेजारी. बाकीचे जेंबे त्यांच्या मागे. नाचणाऱ्यांच्या रांगेत जी सगळ्यांत पक्की आहे ती ढोलांच्या बाजूच्या टोकाला, मध्ये नको. एवढ्या बदलाने, एकही टोला न बदलता, आमचा निम्मा त्रास गेला.

नव्या तालाचं विचारलंत. मला वाटतं नवा घेऊ नका. ऑक्टोबरला तीन महिने आहेत, आणि वीस मिनिटांत तीन तुकडे पुरतात. तुम्ही दिलेल्या यादीतून मी यांकादी-माक्रू आणि कुकू निवडेन, आणि मध्ये वाजवणाऱ्यांचा एक छोटा तुकडा, चारेक मिनिटांचा, म्हणजे नाचणाऱ्यांना पाणी पिता येईल. यांकादी-माक्रू सुसू लोकांचा, गिनीच्या किनाऱ्यावरचा. मुलं आणि मुली समोरासमोर रांगा करतात. यांकादी संथ, लाजरा, नजरेचा खेळ. मग शिट्टीचा इशारा होतो आणि माक्रू सुरू होतो, तो वेगाचा. तुमच्या गटात गुडघ्यांची तक्रार असलेल्या दोघी आहेत असं लिहिलंय, त्यांना यांकादीत मानाने नाचता येईल आणि माक्रूत बाजूला होता येईल. शिवाय लय चढवायची हौस असलेल्यांना तिची ठरलेली जागा मिळते. कुकू गिनीच्या अरण्य प्रदेशातला, बेला शहराच्या बाजूचा. मासेमारीहून परतणाऱ्या बायकांचा नाच. आता तो सगळ्याच आनंदाच्या प्रसंगी होतो. शेवटाला छान.

डुनडुनबा याच नावाचा नाच, म्हणजे 'बलदंड पुरुषांचा नाच', तुमच्या यादीत होता तो मी या वेळी टाळेन. तो एक ताल नाही, तालांचं मोठं कुटुंब आहे, आणि वाजवायला फसवा आहे. सोली या तालाचंही तसंच. तो मुलांच्या दीक्षाविधीशी, सुंतेशी जोडलेला आहे. तो रंगमंचावर येतो, बॅलेंनी आणलाही आहे, पण काय वाजवतो आहोत ते माहीत नसताना वाजवू नये. शिक्षकांना विचारा, त्यांच्याकडून अर्थ समजून घ्या. कार्यक्रमात प्रत्येक तुकड्याआधी तीन वाक्यं बोला: ताल कुठल्या लोकांचा, कुठल्या प्रसंगाचा, आणि आम्हाला कुणी शिकवला. शिक्षकांचं नाव घ्या. मानधन मिळालं तर त्यातला वाटा आधी शिक्षकांना द्या, मग ढोलांच्या दोऱ्यांचा खर्च काढा. आमच्या गटात सुरुवातीला दीड वर्ष हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ती गोष्ट मला आजही लागून राहिली आहे.

ढोल-ताशाबद्दल तुमची ओढ मला कळते, पण ऑक्टोबरात नको. आम्ही एकदा केलंय. ताशाची तर्री आणि जेंबेचा स्लॅप दोन्ही एकाच उंचीवर कडकडतात. एकत्र वाजले की दोन्ही कळत नाहीत, नुसता कोलाहल होतो. ढोलाचा टोल डुनडुनबाला गिळतो. आणि पथकाचा हात दणकून सरळ चालतो, तर मांदे चालीत टोल्यांमधली अंतरं किंचित आखूड-लांब असतात, त्यातच तिचा झोका आहे. सरळ हात शेजारी आला की तो झोका मरतो. आम्हाला जमलं ते एवढंच: त्यांचा तुकडा संपला, शांतता झाली, मग आमचा ढोल सुरू झाला, आणि शेवटी एकच ब्रेक दोघांनी मिळून. एखाद्या वेगळ्या कार्यक्रमात, पथकातले चार पक्के हात सोबत असताना करा.

तुम्ही विचारलेल्या सिद्दींचंही, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांच्या भारतातल्या वंशजांचंही, यातच सांगते. जंजिऱ्यामुळे आपल्याला ते नाव जवळचं. गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला बावा गोर या संताच्या दर्ग्याशी जोडलेल्या सिद्दींचा धमाल, ज्याला गोमा असंही म्हणतात, आजही चालतो. त्यांचा मुगरमान हा उभा ढोल आहे. पण 'गोमा' हा शब्द पूर्व आणि मध्य आफ्रिकेतल्या 'न्गोमा' या शब्दाचा भाऊबंद. तो वारसा गिनीचा नाही. आफ्रिकेचंच आहे म्हणून कुकूला चिकटवला तर दोघांवरही अन्याय होईल. तो स्वतंत्रपणे, सिद्दी कलाकारांना बोलावून ऐकावा.

थोडं ढोलांचं आणि शरीराचं. बंद हॉलमध्ये चार जेंबे आणि तीन डुनडुन म्हणजे आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या हिशेबाप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं उरतात. कानात बोळे घाला, सगळ्यांनी, नाचणाऱ्यांनीही. वादकांसाठी मिळतात ते घ्या, त्यांतून सूर नीट कळतो. अंगठ्या काढा, स्वतःच्या हातासाठीही आणि ढोलाच्या पानासाठीही, म्हणजे वरच्या कातड्यासाठी. जेंबेचं पान बोकडाचं, पातळ. दमट हवेत उतरतं, उन्हात गाडीत राहिलं तर तडकतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ओढून ताणू नका. आठवडाभर आधी थोडं थोडं ताणा आणि बसू द्या.

कच्चं, केसासकट परदेशातून आलेलं कातडं स्वस्तात मिळतं म्हणून घेऊन घरी मढवू नका. २००६ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि २००८ मध्ये लंडनमध्ये अँथ्रॅक्सने माणसं दगावली, त्या दोन्ही घटनांचा संबंध ढोलाच्या कातड्यांशी लागला होता. लंडनचे गृहस्थ स्वतः ढोल बनवायचे. तयार, मढवलेल्या ढोलावर वाजवण्यात धोका नगण्य आहे, घाबरायचं कारण नाही. पण कातडं खरवडणं, त्याची धूळ उडवणं हे काम जाणत्या माणसाकडेच जाऊ द्या.

तर क्रम असा ठेवा. पहिल्या दोन तालमी फक्त सांगबान आणि पाय. तिसरीला केनकेनी आणि डुनडुनबा. चौथीपासून ब्रेक, आणि ढोल तिरपे मांडून. ऑगस्टच्या मध्यापर्यंत दोन्ही नाच न थांबता करता आले नाहीत तर कार्यक्रम पंधरा मिनिटांचा करा. आयोजक कधी नाही म्हणत नाहीत. सप्टेंबरात निदान एक तालीम पूर्ण पोशाखात घ्या, कारण लापा, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, घट्ट बांधला की पाऊल आखूड पडतं आणि लय आपोआप बदलते. हे आम्हाला रंगमंचावर कळलं होतं.

आणखी एक. तालीम संपताना नाचणाऱ्या ढोलांसमोर येऊन जमिनीला हात लावतात, मग तो छातीशी नेतात. अमेरिकेतल्या वर्गांत याला 'दोबाले' हा योरुबा शब्द रूढ आहे. तुमच्या गटात हे होतं, पण तोवर वाजवणारे पिशव्या भरायला लागलेले असतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, ताल चालू ठेवायचा, हळू करायचा, आणि शेवटची नाचणारी उठून उभी राहीपर्यंत तिच्याकडे बघत वाजवायचं.